एमजीबीचा तडकलेला बिडाचा मॅनिफोल्ड : दुरुस्त करावा की हेडर बसवावा? (कोल्हापूर)

धागाकर्ता (राजारामपुरी)

नमस्कार. माझ्याकडे १९६९ सालची एमजीबी रोडस्टर (ब्रिटिश बनावटीची उघड्या टपाची स्पोर्ट्स कार) आहे. माझ्या मामांनी ती सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत घेतली होती आणि त्यांच्या पश्चात ती माझ्याकडे कोल्हापुरात आली. इंजिन मूळचेच, १७९८ सीसीचे आहे. दोन एसयू एचएस-४ कार्बोरेटर, मूळचा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि मूळचा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर एकत्र करून सायलेन्सरकडे नेणारा भाग), असे सर्व काही कारखान्यातून निघाले तसेच आजवर टिकले आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर गाडी थंड असताना डाव्या बाजूने टिकटिक असा आवाज येऊ लागला. दहा मिनिटांत इंजिन तापले की तो आपोआप थांबत असे. टॅपेटचा आवाज असावा असे समजून मी दोनदा टॅपेट सेट करून घेतले, पण फरक पडला नाही. शेवटी एकदा पहाटे, अंधार असतानाच बॉनेट उघडून गाडी चालू केली आणि टॉर्चच्या उजेडात मॅनिफोल्ड नीट पाहिला, तेव्हा मधल्या फांदीच्या मुळाशी तीन बोटे लांबीची काळी रेघ दिसली. बोट फिरवले तर काजळी लागली. लोखंड तापून फुगले की ती चीर मिटते आणि थंड झाले की पुन्हा उघडते, हे तेव्हा लक्षात आले.

आता माझ्यापुढे तीन मार्ग आहेत. मूळचा मॅनिफोल्ड वेल्डिंग करून घेणे, तसाच नवा ओतून घेणे, किंवा तो काढून त्याच कामाचा, पण वेल्ड केलेल्या नळ्यांचा हेडर बसवणे. उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये विचारले असता हेडर बसवल्याने गाडी ‘उडेल’ असे सांगण्यात आले. मला गाडी उडवायची नाही. मी ती रविवारी सकाळी पन्हाळ्यापर्यंत नेतो आणि परत आणतो, इतकाच तिचा वापर आहे. परंतु चढावर तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाने थोडे मोकळेपणाने श्वास घ्यावा, असे मनापासून वाटते. ज्यांनी स्वतः हे काम केले आहे त्यांनी अनुभव लिहावेत, ही विनंती.

ओतशाळा_शिरोली

माझी पंचवीस वर्षे शिरोलीच्या फौंड्रीत गेली, म्हणून बिडाच्या बाजूने आधी लिहितो.

बिडाच्या मॅनिफोल्डला लोक उगाच नावे ठेवतात. बिडामध्ये ग्राफाइटचे पापुद्रे असतात आणि ते कंपने शोषून घेतात, त्यामुळे बिडाच्या मॅनिफोल्डचा आवाज दबका असतो. त्याची भिंत जाड असल्याने तो सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. आपला मॅनिफोल्ड पंचावन्न वर्षे टिकला, हे त्या ओतकामाचे श्रेय आहे. नळ्यांचा हेडर इतकी वर्षे टिकेल याची हमी कोणीही देऊ नये.

दुरुस्तीविषयी सांगायचे तर बिडाला थेट वेल्डिंगची काडी लावू देऊ नका. बिडात कार्बन भरपूर असतो. थंड नगावर वेल्डिंग केले की सांध्याच्या कडेचा भाग काचेसारखा कडक होतो आणि पहिल्याच आठवड्यात शेजारी दुसरी चीर पडते. आधी चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून ती पुढे सरकणे थांबवावे लागते, मग चीर व्ही आकारात उघडायची, संपूर्ण नग भट्टीत लालसर होईपर्यंत तापवायचा, बिडाच्याच सळीने गॅस वेल्डिंग करायचे आणि नग चुन्यात किंवा राखेत पुरून रात्रभर निवू द्यायचा. त्यानंतर इंजिनाच्या हेडला (सिलिंडरांवरच्या झाकणाला) टेकणारी बाजू मिलिंगवर पुन्हा सपाट करणे अनिवार्य आहे, कारण इतका तापलेला नग थोडा तरी वाकतोच.

नवा ओतून घेण्याचा मोह होईल, कारण आपण कोल्हापुरात आहोत आणि येथे कोणताही नग ओतून मिळतो. फक्त जुना मॅनिफोल्डच पॅटर्न (साच्याचा नमुना) म्हणून वाळूत दाबू नका. बीड निवताना सुमारे एक टक्का आकसते. चारशे मिलिमीटर अंतरात चार मिलिमीटर कमी भरले की स्टडची (हेडमध्ये बसवलेल्या आटेदार खुंट्यांची) भोके जुळणार नाहीत. पॅटर्न आकसण्याचे माप धरून वेगळा करावा लागतो आणि आतल्या पोकळीसाठी कोअरबॉक्स लागतो. एका नगासाठी हा खर्च परवडत नाही.

लांब_फांदी (पुणे)

माझ्या एमजीबीवर नऊ वर्षांपासून हेडर आहे. फायद्यातोट्याच्या आकड्यांत शिरण्यापूर्वी या इंजिनाची रचना समजून घ्यावी, म्हणजे ‘उडेल’ या शब्दाचा खरा अर्थ कळेल.

या इंजिनाला सिलिंडर चार असले तरी हेडमधून एक्झॉस्टची दारे तीनच बाहेर पडतात. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरला स्वतंत्र दार आहे, तर दुसरा आणि तिसरा मिळून मधले एकच दार वापरतात. प्रथमदर्शनी ही काटकसर वाटते. परंतु फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ अशी आहे हे लक्षात घेतले, की दोन आणि तीन या सिलिंडरांचे धक्के एकमेकांपासून बरोबर ३६० अंशांवर, म्हणजे क्रँकच्या पूर्ण एका फेऱ्याच्या अंतराने येतात, असे दिसते. एक आणि चार यांचेही तसेच आहे. म्हणजे मधले दार एकत्र असल्याने एक्झॉस्टचे नुकसान होत नाही. उलट चार नळ्यांच्या इंजिनात ज्या जोड्या मुद्दाम लावाव्या लागतात, त्यांपैकी एक जोडी येथे हेडमध्येच लागलेली आहे. राहिली एक-चारची जोडी, ती हेडरमध्ये लावायची. म्हणूनच या इंजिनासाठी जो हेडर प्रचलित आहे त्यात कडेच्या दोन नळ्या आधी एकत्र येतात, मधली नळी स्वतंत्रपणे लांब खाली जाते आणि नंतर तिघी मिळतात. त्याला लांब मधल्या फांदीचा हेडर म्हणतात आणि माझे सदस्यनामही तेथूनच आलेले आहे.

आता फायदा कोठून येतो ते पाहू. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट नळीतून धावते. नळी जेथे दुसऱ्या नळीला मिळते तेथून कमी दाबाची लाट उलटी परतते. ही परतलेली लाट जर दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असण्याच्या क्षणी पोचली, तर ती उरलेला धूर ओढून काढते आणि ताज्या मिश्रणाला आत येण्यास मदत करते. नळी लांब असेल तर हा मेळ कमी फेऱ्यांवर बसतो, आखूड असेल तर जास्त फेऱ्यांवर. पण मूळच्या कॅममध्ये दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र उघडे असण्याचा काळ थोडा असतो, त्यामुळे त्या लाटेला काम करायला वेळही थोडाच मिळतो. त्यातच एमजीबीचा कारखान्यातला मॅनिफोल्ड त्या काळाच्या मानाने पुष्कळ चांगला आहे. म्हणून कॅम, हेड आणि कार्बोरेटरच्या सुया बदलल्या नसतील तर हेडरचा लाभ माफक असतो. मला तो मिनिटाला २,५०० ते ४,००० फेऱ्यांच्या दरम्यान जाणवतो, आणि तो मोकळेपणाच्या रूपात जाणवतो, वेगाच्या नव्हे.

आता सर्वांत महत्त्वाचे. या इंजिनात इनटेक (हवा-पेट्रोल आत नेणारा मॅनिफोल्ड) आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत, एकाच पॅकिंगवर बसतात आणि काही स्टड दोघांत सामाईक आहेत. त्या स्टडवरचे जाड वॉशर अर्धे इनटेकच्या फ्लँजवर (हेडला टेकणाऱ्या सपाट पट्टीवर) आणि अर्धे एक्झॉस्टच्या फ्लँजवर टेकते. दोन्ही फ्लँजची जाडी समान असेल तरच ते दोघांना सारखे दाबते. हेडरचा फ्लँज एक मिलिमीटर जरी पातळ असला तरी वॉशर तिरके बसते, नट घट्ट लागल्याचा भास होतो आणि हेडर गळत राहतो. फ्लँज जाड असेल तर उलट इनटेक हवा ओढू लागतो. हेडर बसवल्यावर गाडी बिघडली, अशा ज्या तक्रारी आपण ऐकतो त्यांतल्या बऱ्याच या एका वॉशरपाशी येऊन थांबतात. हेडर हाती येताच पहिले काम व्हर्नियरने दोन्ही फ्लँज मोजण्याचे करा.

धागाकर्ता

इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल दोघांचेही आभार. जोड्यांचा मुद्दा वाचल्यावर कागदावर वर्तुळे काढून पाहिली आणि ती तंतोतंत जुळली. हाच विचार इनटेकला लावला तर मात्र एक-दोन आणि तीन-चार एकाच दारातून हवा घेतात आणि त्यांचे धक्के १८० अंशांवर लागोपाठ येतात, त्यामुळे एक सिलिंडर दुसऱ्याच्या वाटचे मिश्रण ओढत असणार. हे बरोबर आहे का?

लांब_फांदी (पुणे)

अगदी बरोबर. या इंजिनाची खरी मर्यादा इनटेकच्या बाजूला आहे, आणि हेडरकडून अपेक्षा माफक ठेवण्याचे तेही एक कारण आहे.

व्हिंटेज_कागदपत्रे

तांत्रिक चर्चेत एक कायदेशीर बाब जोडतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद झाली. पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हीए’ मालिकेत नोंदणी मिळू शकते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते, आणि पुनर्नोंदणीला ५,००० रुपये लागतात. अट अशी आहे की वाहन मूळ स्वरूपात असावे, चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. आपली गाडी वयाने या तरतुदीत बसते. हेडर हा नटबोल्टने उलटवता येणारा बदल आहे. तरीही पुढे या नोंदणीचा विचार असेल तर मूळचा मॅनिफोल्ड, पितळी नट आणि खालच्या पाईपसह, जपून ठेवणेच योग्य. मात्र त्या मालिकेतली गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही, हेही ध्यानात असावे.

टर्नर_काका

मुला, हेडर कोणता आणि कसा हे नंतर ठरव, आधी जुना मॅनिफोल्ड नीट निघतो का ते बघ. माझ्या चाळीस वर्षांच्या कामात हेडरपेक्षा तुटलेल्या स्टडनेच जास्त दिवस खाल्ले आहेत.

पंचावन्न वर्षांचा नट पाना लावून एकदम फिरवू नये. तीन दिवस आधीपासून रोज संध्याकाळी, गाडी कोमट असताना, प्रत्येक नटाच्या मुळाशी गंज सोडवणारे तेल सोडावे. खालच्या पाईपचे नट सर्वांत हट्टी असतात. तेथे ज्योतीने नट लाल करून त्यावर मेणबत्तीचे मेण लावावे, मेण वितळून आट्यांत शिरते आणि नट सुटतो. ज्योत लावण्यापूर्वी कार्बोरेटर आणि पेट्रोलची नळी काढून बाजूला ठेवायची, शेजारी ओली पोती आणि आग विझवण्याचे नळकांडे ठेवायचे, आणि हे काम बंद गॅरेजमध्ये करायचे नाही. नट पाव फेरा सुटला की परत थोडा आवळायचा, पुन्हा सोडायचा. एकाच दिशेने जोर लावला की स्टड मुळातून तुटतो.

तुटलाच तर घाबरू नकोस. उरलेल्या तुकड्यावर नवा नट ठेवून आतून वेल्डिंगने भरायचा. वेल्डिंगच्या उष्णतेने स्टड सैल होतो आणि त्याच नटाला पाना लावून निघतो. सगळे स्टड नवेच घाल. आटे पाच-सोळांश इंची यूएनएफ (बारीक इंची आटे) आहेत, हार्डवेअरच्या दुकानातला आठ मिलिमीटरचा बोल्ट जवळपास बसतो म्हणून तो घालू नकोस, हेडचे आटे जातील.

धागाकर्ता

काका, आपण सांगितल्याप्रमाणे केले. सर्व नट निघाले, एकच स्टड तुटला आणि तोही नट वेल्ड करून बाहेर आला.

हेडर येथेच करून घेण्याचे ठरवले. पहिल्या प्रयत्नात मात्र निराशा झाली. एका वर्कशॉपने दहा मिलिमीटर जाडीच्या पट्टीतून तिन्ही दारांसाठी एकच सलग फ्लँज कापला आणि त्यावर दीड इंची काळे पाईप वेल्ड केले. पाईप प्रेसवर वाकवलेले असल्याने एका बाकात ते दोन्ही बाजूंनी चपटे झाले होते. काचेवर फ्लँज पालथा ठेवून पाहिला, तर मध्यभागी ०.६ मिलिमीटरचे फीलर गेज (फट मोजण्याची पातळ पट्टी) सहज आत गेले. वेल्डिंगने संपूर्ण पट्टी धनुष्यासारखी ओढली गेली होती. ‘दोन पॅकिंग घाला, बसेल’ असे उत्तर मिळाले. इतके पैसे देऊन असे उत्तर ऐकताना वाईट वाटले. हा हेडर आता टाकून द्यावा का?

ओतशाळा_शिरोली

टाकू नका. पॅकिंग मात्र एकच घाला. दोन घातली तर गरम झाल्यावर दोन्ही दबतात आणि नट ढिले पडतात.

फ्लँज वेल्डिंगनंतर ओढला जाणे हे नैसर्गिक आहे. चूक ती नंतर सपाट न करण्याची आहे. दुसरी चूक सलग पट्टीची. साधे पोलाद तापल्यावर दर अंशाला, दर मीटरला सुमारे १२ मायक्रॉन वाढते. चारशे मिलिमीटरचे पोलाद पाचशे अंशांनी तापले तर ते जवळपास अडीच मिलिमीटर लांबते. ३०४ प्रतीचे स्टेनलेस असेल तर तीन मिलिमीटरहून अधिक. फ्लँज हेडला चिकटलेला असल्याने तो इतका तापत नाही, नळ्या मात्र तापतात, आणि ही सगळी ओढाताण सलग पट्टीच्या वेल्डिंगवर येते. म्हणून तिन्ही दारांचे फ्लँज करवतीने वेगळे करा, ज्यामुळे प्रत्येकाला थोडी हालचाल मिळेल. चपटा झालेला बाक कापून काढा आणि त्या जागी वाळू भरून तापवून वाकवलेला पाईप घाला. वाळू ठासून भरलेली असली की पाईप आतून गोलच राहतो. उद्यमनगरातील जुन्या कारागिरांना ही पद्धत हातची आहे. त्यानंतर तिन्ही फ्लँज एका जाड पट्टीला आवळून एकाच बसणीत सरफेस ग्राइंडरवर सपाट करून घ्या. वेगवेगळे घासले तर तीन जाड्या मिळतील.

मी पंधरा वर्षांपूर्वी याच कामात आधी ग्राइंडिंग आणि मग वेल्डिंग अशी घाई केली होती आणि पूर्ण नग वाया घालवला होता, म्हणून इतक्या आग्रहाने लिहितो आहे.

कागल_रस्ता

उष्णतेविषयी दोन गोष्टी सांगतो. पातळ नळी बिडापेक्षा जास्त उष्णता बाहेर फेकते, आणि या गाडीत कार्बोरेटरच्या फ्लोटची भांडी बरोबर तिच्या वर आहेत. मधला पत्र्याचा हीट शील्ड कोणत्याही परिस्थितीत काढू नका. नळ्यांना कापडी पट्टी गुंडाळण्याचा सल्ला मिळेल, पण आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात ती पट्टी ओलावा धरून ठेवते आणि साधे पोलाद आतल्या आत गंजते. त्यापेक्षा सिरॅमिक लेप चांगला.

दुसरे पेट्रोलचे. आपला जिल्हा उसाचा, त्यामुळे इथेनॉलचे महत्त्व आपल्याला कोणी समजावून सांगायला नको, पण १९६९ च्या कार्बोरेटरला ते समजावून सांगावे लागते. निव्वळ पेट्रोलला एका भागास १४.७ भाग हवा लागते, वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला सुमारे १३.५. जेट (कार्बोरेटरमधले पेट्रोलचे छिद्र) तसेच ठेवले तर मिश्रण आपोआप पातळ, म्हणजे कमी पेट्रोलचे होते, आणि हेडरमुळे हवा थोडी जास्त वाहिली तर ते आणखी पातळ होण्याचा संभव असतो. मिश्रण दाट करण्यासाठी जेट खाली घ्यावे लागतील. जुन्या रबरी नळ्याही याच वेळी बदला. इथेनॉल त्यांना आतून मऊ करते, आणि गरम हेडरच्या वर पेट्रोल ठिबकणे परवडणारे नाही.

धागाकर्ता

काम पूर्ण झाले, म्हणून सविस्तर लिहितो.

फ्लँज वेगळे केले, बाक बदलला आणि सर्व एकत्र ग्राइंड केले. ग्राइंडिंगनंतर जाडी ९.२ मिलिमीटर राहिली. माझ्या इनटेकचा फ्लँज मोजला तर १०.४ भरला. म्हणजे पुण्याहून ज्या गोष्टीचा इशारा मिळाला होता तीच १.२ मिलिमीटरची पायरी समोर उभी राहिली. टर्नर काकांनी लेथवर जाड वॉशर करून त्यांच्या अर्ध्या भागात मिलिंगने नेमकी तेवढी पायरी काढून दिली. पहिले वॉशर बोटाने स्टडवर सरकवले, तेव्हा ते दोन्ही फ्लँजवर एकाच वेळी टेकल्याचा बारीकसा ‘टक्‌’ आवाज आला. मी आजवर हजार नट आवळले असतील, पण हा आवाज पहिल्यांदाच लक्ष देऊन ऐकला.

नट मधून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत, २० न्यूटन-मीटरपर्यंत आवळले. गाडी चालू करण्यापूर्वी सायलेन्सरच्या तोंडाशी घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू लावली आणि सर्व सांध्यांवर साबणाचे पाणी लावले. हेडच्या बाजूला एकही बुडबुडा आला नाही. खालच्या सांध्यावर मात्र आले, म्हणून तो पुन्हा खोलून बसवला. नंतर इंजिन पूर्ण तापवून, रात्रभर निववून, सकाळी नट पुन्हा तपासले. जवळपास प्रत्येक नट थोडा फिरला.

मिश्रणासाठी एसयूची जुनी पद्धत वापरली. कार्बोरेटरचा पिस्टन पिनने जेमतेम एक मिलिमीटर उचलायचा. फेरे वाढून तसेच राहिले तर मिश्रण दाट, इंजिन बंद पडू लागले तर पातळ, आणि क्षणभर वाढून पूर्ववत झाले तर बरोबर. माझे दोन्ही कार्बोरेटर पातळ निघाले. जेटचा षटकोनी नट दोन-दोन बाजूंइतका फिरवून खाली घ्यावा लागला.

रविवारी पन्हाळ्याला गेलो. चढावर जेथे पूर्वी तिसऱ्यातून दुसऱ्यात यावे लागत असे, तेथे गाडी तिसऱ्यातच, न कुरकुरता वर गेली. सपाट महामार्गावर मला फरक जाणवला नाही, हेही लिहिलेच पाहिजे. आवाज थोडा मोठा आणि कोरडा झाला आहे. बिडाचा तो दबका स्वर मला आठवतो आणि त्याची उणीव भासते. उतारावर पाय काढल्यावर सुरुवातीला फटफट आवाज येत होता, तो खालच्या सांध्यातून हवा आत शिरल्यामुळे होता आणि क्लॅम्प बदलल्यावर थांबला. परतल्यावर प्लग काढून पाहिले. चारही प्लगचा रंग फिकट तपकिरी, बिस्किटासारखा होता.

जुना मॅनिफोल्ड तेल लावून, पोत्यात गुंडाळून फळीवर ठेवला आहे. त्याचे पितळी नट आणि मूळ वॉशर वेगळ्या डब्यात, चिठ्ठी लावून ठेवले आहेत.

टर्नर_काका

वॉशर पाचशे किलोमीटरनंतर एकदा काढून बघ. तिरका ओरखडा दिसला तर माझ्याकडे ये, दुसरी करून देतो.

ओतशाळा_शिरोली

मॅनिफोल्ड फळीवर ठेवू नका, माझ्याकडे पाठवा. दिवाळीच्या सुट्टीआधी भट्टी चालू असेल, त्यात तो तापवून चीर भरून देतो. सपाटी मिलिंगवर मी स्वतः उभा राहून करून घेईन.

धागाकर्ता

शनिवारी सकाळी शिरोलीला घेऊन येतो. नट-वॉशरचा डबाही सोबत आणतो, म्हणजे सपाटीनंतर जाडी किती उरली ते मूळ वॉशरवरच पडताळून पाहता येईल.